चौकातले उतारू

नवी शववाहिका आवारात आली तेव्हा सगळे ड्रायव्हर तिच्याभोवती जमले, आणि जमले ते नावं ठेवायलाच. पांढरीशुभ्र, लांबलचक गाडी, आत बसलं की नव्या प्लास्टिकचा वास. पायाखाली क्लच नाही, किल्लीला दात नाहीत. आणि सगळ्यांत मोठी भानगड म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद. ब्रेकवरचा पाय उचलला की आपोआप चालू.

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं," ताई म्हणाली. "हलवल्याशिवाय उठायचं नाही."

ताई ही त्या गाडीची ड्रायव्हर. आवारात ती एकटीच बाई, म्हणून लहानमोठे सगळे तिला ताईच म्हणत. जुनी शववाहिका तिने कित्येक वर्षं चालवली होती. धुराच्या नव्या नियमात ती बसेना, म्हणून तिचं इंजिन उतरवून तिला भिंतीकडेला लावून ठेवलं होतं. पुढचे दिवे शाबूत होते. येताजाता ताईला वाटे, ही आपल्याकडे बघतेय.

"हसू नका, माझ्या गाडीला हेच बसवलंय," कचरागाडीवाला ढेऱ्या म्हणाला. "उचकी लागल्यासारखं करते. दर दाराशी थांबायचं. बंद, चालू. बंद, चालू. घरी झोपलो तरी उजवा पाय आपोआप उचलला जातो. बायको म्हणते, लाथा मारतोस."

"तुझं ठीक आहे, कचरा घाबरत नाही," ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला. त्याला सगळे सायरन म्हणत, कारण त्याला हळू बोलता येत नसे. "माझ्याकडे आत पेशंट. सिग्नलला इंजिन गप्प झालं की नातेवाईक बोंब मारतात, गाडी बंद पडली! मग पेशंट राहतो बाजूला, मी त्यांनाच धीर देत बसतो."

"आणि स्टार्टर किती दिवस टिकणार? बॅटरी किती दिवस टिकणार?" ढेऱ्याने विचारलं. "डिझेल वाचवायचं नि बॅटरी खायची."

साहेब चहाचा कप घेऊन खिडकीत उभे होते. ते म्हणाले, "उभ्या गाडीचा धूर बंद, असा नियम आहे. आणि ते बंद करायचं बटण शोधू नका. होतं, ते मिस्त्रीकडून काढून घेतलंय. तुम्ही सीटवर टेकायच्या आधी तेच दाबत होतात."

सगळे मिस्त्रीकडे बघायला लागले. मिस्त्रीने नटबोल्ट पुसायला घेतले.

"असू दे की," ताई म्हणाली. "चांगलंय."

आता सगळे तिच्याकडे बघायला लागले. पण तिचं घर मोठ्या रस्त्याला लागून होतं. सकाळी खिडकीची कड पुसली की फडकं काळं व्हायचं, आणि तेच तिच्या लेकीच्या छातीत जायचं. पोरगी रात्ररात्र उशी उभी करून बसायची. तिचा औषधाचा पंप फुस्स करून वाजला की घरातले सगळे जिथे असतील तिथे थबकायचे. त्यामुळे बॅटरीचं काय होईल ते होवो, ताई नियमाच्या बाजूची होती.

एकच गोष्ट तिला खटकत होती. जुनी गाडी तिच्या आधी मामा चालवत. आता ते निवृत्त झाले होते, पण चहाला रोज आवारात येत. त्यांनी तिला गाडी हाती देताना एकच गोष्ट बजावली होती. "माणूस आत असला की इंजिन बंद करायचं नाही. त्यांच्या दारापासून तिकडच्या दारापर्यंत. मध्ये काहीही होवो."

ताईने ते पाळलं, आणि कारण कधी विचारलं नाही. कारण दिसतच होतं. जुन्या गाडीचा स्टार्टर इतका आजारी होता की एकदा बंद पडली की दोघातिघांनी ढकलावी लागायची, आणि मागचा माणूस काही उतरून हात लावणार नव्हता. नव्या गाडीचा स्टार्टर नवा. मग आता त्या नियमाचं काय काम? असं म्हणून तिने तो मनातून काढून टाकला.

पहिली फेरी एका सायकल दुरुस्तीवाल्या आजोबांची होती. घरचे त्यांच्या त्यांच्या गाड्यांतून पुढे गेले. मागच्या कप्प्यात फक्त आजोबा, मध्ये काच, पुढे ताई.

मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. त्या चौकाचा लाल म्हणजे माणसाने गाडीत बसून एक झोप काढावी असा. ताईने ब्रेक दाबला, आणि इंजिन गप्प झालं. शेजारची गाडीही गप्प झाली. तिच्या पुढची, तिच्या मागची, सगळ्या नव्याच होत्या. बघता बघता चौकच्या चौक गप्प. इतकी वर्षं ती इथे थांबत होती, पण मधल्या बेटावरच्या झाडाची पानं वाजतात हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

आणि मग मागे काहीतरी सरकलं. माणूस कुशीवर वळून उठताना बाक करकरतं, तसं. पाठोपाठ दाराची कडी: खट.

समोर एक छोटा लाल दिवा लागला. मागचं दार उघडं असल्याचा. ताईने आरशात पाहिलं. दार बंद होतं. मग दिवा आपणच विझला, सिग्नल हिरवा झाला, तिने पाय उचलला आणि गाडी सुटली. इतकी झटकन, की ती स्वतःच दचकली. ओझं उतरवून ठेवलेला माणूस चालतो तशी गाडी चालली होती.

तिकडे पोचल्यावर स्मशानातल्या माणसाने एका बाजूने उचललं आणि म्हणाला, "आजोबा अगदीच हलके झाले होते की."

"आजारी होते बरेच दिवस," ताई म्हणाली. तिला तरी दुसरं काय सुचणार?

मिस्त्रीने दार तपासलं, वायर तपासली. काही बिघाड नव्हता. दुसऱ्या फेरीला तसंच झालं. तिसऱ्याला तसंच. त्याच चौकात, त्याच गप्प होण्यात. करकर, खट, लाल दिवा, आणि मग हलकी गाडी. ताईने स्वतःला समजावलं की नव्या गाड्यांना खोड्या असतात. नव्या सुनेला असतात तशा, रुळेल हळूहळू.

मग एकदा ती रिकामी गाडी घेऊन परत येत होती. भर दुपार, ढगाळ. चौकात थांबली, सगळी इंजिनं गप्प झाली, आणि तिचं लक्ष मधल्या बेटाकडे गेलं. झाडाखाली माणसं उभी होती.

बेटावर कुणी उभं राहत नाही. तिथे जायला पट्टे नाहीत, बसायला जागा नाही. पण ही माणसं दाटीने उभी होती आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती, जिकडे ताई रोज जायची तिकडे. पुढे एक आजोबा होते, बोटांच्या पेरांत सायकलच्या ग्रीसची काळी रेघ. त्यांच्यामागे निळ्या स्वेटरमधल्या एक बाई. स्वेटरचं वरचं बटण तुटलेलं होतं, आणि त्यांच्या मुलाने निघताना तिथे पिन लावली होती हे ताईने डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणी रडत नव्हतं, हाका मारत नव्हतं. बसला उशीर झाला की माणसं उभी राहतात तशी, जरा वाकून, जरा कंटाळून, पण भरवशाने उभी होती.

सिग्नल सुटला. गाड्यांची इंजिनं एकदम धडधडली, आणि बेटावर नुसतं झाड उरलं.

ताईने गाडी आवारात लावली ती वाकडी. मामा बाकावर चहा पीत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, इंजिन बंद करायचं नाही, ते का?"

मामांनी कप खाली ठेवला. "केलंस?"

"मी नाही केलं. ही गाडी करते."

"अगं, तू केलंस की गाडीने, ते त्यांना काय कळणार?" मामा म्हणाले. "त्यांना बाहेर बघता येत नाही, रस्ता दिसत नाही. इंजिनाची घरघर तेवढी लागते अंगाला. ती चालू आहे तोवर त्यांना कळतं, अजून जायचंय. थांबली की वाटतं, आलं. मग उतरतात."

"आणि मग?"

"मग काय? उभे राहतात. कुठे आलो ते माहीत नाही, पुढे कुठे ते माहीत नाही."

"हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू नोकरी धरली असतीस?"

ताई खाली बसली. तिच्या घरी, मागच्या खोलीत, तिची आई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी आता फक्त शांतपणे राहू द्या असं सांगितलं होतं.

आईची गोष्ट अशी, की शेवटची काही वर्षं तिला काही आठवेनासं झालं होतं. लेकीचं नाव विसरली, जावयाला टेलर म्हणून ओळखायची, कारण तो टेलरच होता आणि गळ्यात टेप असायचा. पण कुठल्याही गाडीत बसवलं की तिची एक सवय पक्की. गाडी थांबली रे थांबली, की हात दाराच्या कडीवर. "आलं का गं?" मग सांगावं लागे, "नाही आई, अजून नाही. बस." की हात परत मांडीवर. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. ताई वैतागायची, नवरा हसायचा, नात मात्र न चुकता सांगायची, "नाही आजी, अजून नाही."

एकदा ती बसमधून भलत्याच थांब्यावर उतरली. ताई तिकीट काढायला पुढे गेली होती, तेवढ्यात. संध्याकाळपर्यंत शोधाशोध झाली. सापडली तेव्हा एका औषधाच्या दुकानासमोर उभी होती, दुपारपासून तशीच, पाय सुजलेले. "अगं, कुणाला विचारायचं तरी!" ताई तिच्यावर ओरडली होती. आई शांतपणे म्हणाली होती, "मी म्हटलं, कुणीतरी सांगेल की."

ते दुकान, ते सुजलेले पाय. आणि आता हा चौक.

तिने मिस्त्रीला गाठलं. "बटण परत लाव."

"साहेब मला लावतील भिंतीला, तुझ्या जुन्या गाडीशेजारी," मिस्त्री म्हणाला. पण तिचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, गाडी पूर्ण थांबली तरच इंजिन बंद होतं. थांबवूच नकोस. पुढे अंतर ठेव, मुंगीच्या पावलाने सरकत राहा, ब्रेकवर पाय नुसता ठेव, दाबू नकोस. एसी फुल सोड, म्हणजे इंजिन सहसा बंद होत नाही. जमेल."

त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्या ताईने सरकत सरकत केल्या. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. चौकातल्या पोलिसाने काचेवर टकटक करून विचारलं, "ताई, झोप लागतेय का?" इंजिन घरघरत राहिलं आणि कुणी उतरलं नाही. पण आरशात मागचा धूर दिसायचा, शेजारच्या स्कूटरवरचं पोर रुमाल नाकाला लावायचं, आणि ताईला आपल्या घरची खिडकीची काळी कड आठवायची. आणि बेटावरचे लोक तसेच उभे होते. ती त्यांच्याकडे बघायचं टाळायची. धीर कुठून आणणार?

आई गेली ती सकाळी, नात केस विंचरत असताना. नातीच्या लक्षातही आलं नाही. वेणी पूर्ण झाली तेव्हा आलं.

"दुसऱ्या कुणाला गाडी न्यायला सांग," नवरा म्हणाला. "सायरन येईल. ढेऱ्या येईल."

"नको. मीच."

"हात थरथरताहेत तुझे."

"पाय थरथरत नाहीत ना? पायाचंच काम आहे."

त्याने गळ्यातला टेप काढून खुंटीला लावला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. लेक काकांच्या गाडीतून पुढे गेली. मामा परस्पर तिकडे पोचणार होते.

ताई सरकत निघाली. पहिला सिग्नल गेला, शाळेजवळचा गेला. एसी इतका जोरात होता की नवऱ्याने हाताच्या घड्या घातल्या, पण का ते विचारलं नाही. मोठा चौक आला. लाल. ताईने लांबूनच वेग कमी केला, पुढच्या गाडीशी अंतर ठेवलं आणि मुंगीसारखी सरकायला लागली. बेटाकडे पाहिलं नाही. अजून थोडं. अजून थोडं.

त्या मोकळ्या जागेत उजवीकडून एक स्कूटर घुसली. ताईला कळायच्या आधी तिचा पाय खाली गेला. कचकन ब्रेक. गाडी थांबली, आणि इंजिन बंद.

शेजारची गप्प. पुढची गप्प. चौकच्या चौक गप्प.

तिने लगेच पाय उचलला, इंजिन चालू झालं. पण उशीर झाला होता. मागे करकर झाली. खट. समोर लाल दिवा लागला, आणि या वेळी तो विझेना.

आणि काचेपलीकडून, अगदी नेहमीच्या, जराशा झोपाळलेल्या आवाजात,

"आलं का गं?"

आणि त्याच क्षणी, इतक्या वर्षांच्या सवयीने, ताईच्या तोंडातून आपसूक निघून गेलं, "नाही आई, अजून नाही. बस."

बाक पुन्हा करकरलं. दिवा विझला.

नवरा तिच्याकडे बघत होता. "कुणाशी बोललीस?"

"आईशी."

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "बसली का?"

"बसली."

ताईला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि कुठलंच धड बाहेर पडेना. एवढंच होतं तर! इंजिन नको, घरघर नको, धूर नको. कुणीतरी सांगायला हवं होतं फक्त. तिने मुद्दाम, पूर्ण जोर देऊन ब्रेक दाबला. इंजिन बंद झालं. "अजून नाही हं, आई," ती म्हणाली. मागे काही हललं नाही.

मग तिने मान वळवली. बेटावरची सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. सगळी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांची तोंडं वळली होती. तिने आईला सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांना स्वतःला तसं कधीच कुणी सांगितलं नव्हतं. सायकलवाल्या आजोबांनी ग्रीसचा हात कानामागे धरला होता, नीट ऐकू यावं म्हणून.

ताईने चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि दार उघडून खाली उतरली.

"अगं, सिग्नल सुटेल!" नवरा म्हणाला.

"सुटू दे."

ती मागे गेली, मागचं दार सताड उघडलं, आणि बेटाकडे तोंड करून म्हणाली, "हे नाही हो. हे मधलंच आहे. चुकून थांबले होते मी. चला, बसा. अजून जायचंय."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न सुरू झाले. कुणीतरी खिडकीतून डोकं काढून तिची अक्कल काढली. त्याच्या गाडीपुढून, त्याच्या बॉनेटला घासून माणसं एकामागून एक येत होती, घाई न करता, आणि त्याला दिसत होती ती फक्त रस्त्यात दार उघडून उभी असलेली एक बाई. निळ्या स्वेटरच्या बाईंना पायरी उंच वाटली. ताईने हात पुढे केला. हातात काही आलं नाही, नुसता गारवा, फडताळ उघडल्यावर येतो तसा. "सावकाश," ती म्हणाली. "आई, जरा सरकून घे गं."

कुणी मागे राहिलं नाही हे बघून तिने दार लावलं आणि पुढे येऊन बसली. नवरा बाहेर डोकावून बघत होता.

"मागचं चाक बसलंय का गं? गाडी टेकलीय मागे."

"भरलीय," ताई म्हणाली.

तिथून पुढे गाडी चढावर कण्हत गेली. दर सिग्नलला ताईने ब्रेक नीट दाबला, इंजिन बंद होऊ दिलं, आणि मान जराशी मागे करून म्हणाली, "अजून नाही हं. बसा." तिसऱ्या सिग्नलला नवराही म्हणाला, "अजून नाही." मग ओशाळून खिडकीबाहेर बघायला लागला.

स्मशानाच्या दाराशी मामा उभे होते. गाडीची मागची बाजू खाली गेलेली बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ताईने गाडी लावली, स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं आणि मागचं दार उघडलं.

"आलं," ती मोठ्याने म्हणाली. "हे शेवटचं. इथे उतरायचं."

स्मशानातला माणूस पुढे झाला, तिने त्याला हाताने थांबवलं. तो ताटकळला. "ताई, एवढा वेळ दार का उघडं ठेवलंय? घ्यायचं ना बाहेर?"

"उतरू दे की आधी."

"कोण?"

गाडी हळूहळू वर येत होती, पुन्हा पुन्हा, इतकी थोडी थोडी की बघणाऱ्याला भास वाटावा. मामा वाट सोडून बाजूला उभे होते.

"कसं आणलंस?" त्यांनी हळूच विचारलं. "चौकात इंजिन चालू ठेवलंस?"

"बंद होतं. नुसतं सांगितलं, अजून नाही म्हणून."

"नुसतं सांगून चालतं?"

"चाललं."

"मग आम्ही एवढी वर्षं डिझेल का जाळलं?"

"बोलायची लाज वाटत होती म्हणून, मामा."

मामा टोपी हातात फिरवत राहिले.

गाडी वर यायची थांबली. आता आत एकटी आई होती. काकांच्या गाडीतून लेक उतरून आली, चालून आल्यामुळे छाती जराशी वाजत होती, तरी ताईला चिकटून उभी राहिली. ताईने आत वाकून आईच्या पायांवर हात ठेवला. सूज पार उतरली होती.

लेकीने विचारलं, "आजीला सांगितलंस का?"

"तू सांग. तुझं ऐकते ती."

पोरीने दोन्ही हातांनी दाराची कड धरली, एक दम घेतला, आणि आत तोंड करून म्हणाली, "आजी, आलं."